आम्ही आलो ते आगगाडीने

आपल्या मंडळाने हुबळी-धारवाडातील जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास ग्रंथरूपाने काढावयाचे ठरविले आहे. त्यासाठी घरोघरी एक छापील माहितीपत्रक पाठविण्यात आले. ते आमच्याकडेही आले. संकल्प चांगला आहे आणि त्यामागे जी मंडळी खपत आहेत त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. तरीही पत्रक वाचल्यावर ते भरून परत पाठविणे आमच्याने झाले नाही. मूळ पुरुष, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, सनद अथवा इनाम, पेशवाईतील वा संस्थानातील कामगिरी, घराण्यातील नामवंत व्यक्ती असे रकाने त्यात आहेत. आपले पूर्वज या गावी कोणत्या साली आले, कशाने आले आणि आल्यावर पोटासाठी काय करीत, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही. ही चूक छपाईत राहिलेली नव्हे. गेली शंभर वर्षे आपण स्वतःकडे ज्या नजरेने पाहत आलो ती नजरच त्या पत्रकात उतरली आहे, आणि आमचा वाद तिच्याशी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या जोडशहरातील आपल्यापैकी पुष्कळ घराणी कोणत्याही स्वारीबरोबर आलेली नाहीत. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कापूस, रेल्वे आणि कचेऱ्या यांच्या मागोमाग, पोट हातात धरून आली. अमेरिकेत त्याच काळात जे लोंढे बोटीतून उतरत होते त्यांच्याच जातकुळीचे आपण आहोत. हे सांगण्यात कमीपणा नाही; कमीपणा ते लपविण्यात आहे.

आता अमेरिकेचा उल्लेख केला, तो दूरचा दाखला म्हणून नव्हे. धारवाडचा आणि अमेरिकेचा संबंध फार जुना आहे, आणि तो कापसाच्या बोंडातून आला आहे. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून कापूस पिकविणारे जाणकार हिंदुस्थानात आणले. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि त्यासाठी अमेरिकेवर अवलंबून राहणे इंग्रजांना नको होते. ठिकठिकाणी प्रयोग झाले आणि बहुतेक फसले. आपल्या काळ्या जमिनीत मात्र न्यू ऑर्लीन्सचे बी रुजले. त्या कापसाला बाजारात नावच पडले 'धारवार-अमेरिकन'. सरकी काढण्याचे करवतीसारख्या दात्यांचे जिनही धारवाडात तयार होऊ लागले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बाहेर पडेना, आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. मुंबईत शेअरांचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये कोसळला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच भाववाढीने हुबळीच्या पेठेतही नवे पाणी आले, याची आठवण मात्र थोड्यांना असते.

तेव्हा हा कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई. म्हणून व्यापारी त्यातील देशी जातीला 'कुमठा' म्हणत. नंतर १८७६ ते १८७८ चा तो भयंकर दुष्काळ आला. धान्य एका मुलखात आणि उपाशी माणसे दुसऱ्या मुलखात, आणि मध्ये रस्ता नाही, अशी स्थिती झाली. त्या अनुभवातून या भागात लोहमार्ग टाकण्याला जोर आला. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी धारवाडात आली आणि १८८५ साली हुबळीत तिचा कारखाना उभा राहिला. १८८८ पर्यंत घाट फोडून मुरगावच्या बंदरापर्यंत रूळ पोहोचले. कापसाच्या गासड्या गाडीने जाऊ लागल्या आणि कुमठ्याच्या बंदराला उतरती कळा लागली. १८८१ च्या शिरगणतीत हुबळीची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास होती. १९०१ मध्ये ती साठ हजारांवर गेली. मधल्या काळात प्लेग येऊन गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे वीस वर्षांत बाहेरून किती माणसे आली असतील याचा अंदाज यावा.

आपल्यापैकी काहीजण त्या कंपनीच्या नावातील 'मराठा' या शब्दावर फार खूष असतात. व्याख्यानांतून आम्ही ऐकले आहे की, बघा, इंग्रजांनाही हा मुलूख मराठ्यांचाच वाटत होता. या युक्तिवादात काही तथ्य नाही. पेशव्यांकडून मुलूख घेतला म्हणून इंग्रजांच्या दप्तरात त्याला 'सदर्न मराठा कंट्री' हे नाव पडले. तेथील रयत कोणती भाषा बोलते याची चौकशी करून ते दिलेले नव्हते. रयत कानडी बोलत होती आणि आजही बोलते. त्या नावाचा कानडी सुशिक्षितांना राग होता आणि तो रास्त होता. कचेरीत मराठी, शाळेत मराठी आणि घरात कानडी, अशा कोंडीतून आपल्या मुलांना सोडविण्यासाठी डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांनी आयुष्य वेचले, आणि १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला. त्या वेळी आपल्या पूर्वजांपैकी जे खुर्चीवर होते त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेला मान दिला असता, तर पुढच्या पिढ्यांचे बरेच मनस्ताप वाचले असते. लंडनच्या भागधारकांनी आपल्या कंपनीला दिलेले नाव ही आपली सनद होऊ शकत नाही.

मग आले कोण? साहेबांच्या कचेरीत कारकून आले, हे आपण आवर्जून सांगतो. परंतु कारकुनांच्या बळावर रेल्वे चालत नाही. कारखान्यात फिटर लागतात, लोहार लागतात, सुतार लागतात; भट्टीपुढे उभे राहणारे, इंजिनात कोळसा टाकणारे, रुळांवर गँगमध्ये राबणारे लागतात. ते देशावरून आले, कोकणातून आले, गोव्याकडून आले, मद्रास इलाख्यातून आले. त्यांच्यात मराठी होते, तसे तमिळ आणि तेलुगूही होते. जिनांमध्ये बाया लागत. सरकी आणि कापूस यांच्या धुरळ्यात दिवसभर बसून खोकत घरी जाणाऱ्या त्या बायांपैकी किती आपल्या पणज्या होत्या, हे आपल्या घराण्यांच्या इतिहासात कोठे लिहिलेले आहे? माहितीपत्रकात 'घराण्यातील नामवंत व्यक्ती' असा रकाना आहे. त्यात त्या बसणार नाहीत.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते ते पाहिले म्हणजे आपले चित्र अधिक स्पष्ट होते. १८७० ते १९०० या तीस वर्षांत सुमारे एक कोटी वीस लाख माणसे त्या देशात उतरली. शिकागोची वस्ती या काळात तीन लाखांवरून सतरा लाखांपर्यंत गेली. १८९२ साली न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. आयरिश, इटालियन, पोलिश, रशियातून जीव घेऊन पळालेले ज्यू, असे सर्व तऱ्हेचे लोक एकाच जिन्याने वर गेले. ज्यांनी रूळ टाकले, पोलाद ओतले, कत्तलखान्यात पाय भिजविले, तेच पुढे त्या देशाचे नागरिक म्हणून मिरविले. जेकब रीस नावाच्या, स्वतः डेन्मार्कहून आलेल्या वार्ताहराने न्यूयॉर्कमधील कोंदट चाळींची छायाचित्रे घेतली आणि १८९० साली त्यांवर पुस्तक काढले. ते वाचून सुखवस्तूंची झोप उडाली. हुबळीच्या चाळींना कोणी रीस भेटला नाही.

पण त्या देशाने केलेला अन्यायही येथे सांगितला पाहिजे, कारण आपले माहितीपत्रक नेमका तोच करीत आहे. १८६९ साली पूर्व आणि पश्चिम अमेरिकेला जोडणारी रेल्वे पुरी झाली. पश्चिमेकडून येणारा मार्ग डोंगर फोडून टाकला तो हजारो चिनी मजुरांनी. दोन इंजिने समोरासमोर आली त्या दिवशी जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले गेले, त्यात चिनी चेहरे शोधूनही सापडणे कठीण. आणि १८८२ साली, म्हणजे आपली रेल्वे कंपनी निघाली त्याच वर्षी, चिनी मजुरांना देशाची दारे बंद करणारा कायदा अमेरिकेने केला. आधी राबवून घ्यावयाचे, मग छायाचित्रातून वगळावयाचे आणि शेवटी उंबऱ्याबाहेर काढावयाचे, असा हा क्रम आहे. यातील दुसरी पायरी म्हणजे वगळणे. आपला ग्रंथ त्या पायरीवर उभा राहू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्या काळची अमेरिका मराठी वाचकाला घरबसल्या दाखविली ती पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई १८८६ साली तिकडे गेल्या, जवळपास तीन वर्षे राहिल्या आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. तेथील स्त्रियांचे शिक्षण आणि लोकांची उद्यमशीलता यांचे त्यांना कौतुक होते, पण वर्णद्वेषाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात, मराठी बोलणाऱ्या आईबापांच्या पोटी झाला. कर्नाटकात जन्मलेल्या या मराठी बाईने कोठेही आपल्या कुळाच्या सनदा दाखविल्या नाहीत. तिचे काम हीच तिची ओळख झाली.

आमच्या तुलनेवर कोणी आक्षेप घेईल की, शिकागो कोठे आणि हुबळी कोठे! आक्षेप बरोबर आहे आणि फरक आम्हांलाही दिसतो. अमेरिकेने जकातीची भिंत उभारून आपले कारखाने वाढविले; तेथील रुळांनी तेथल्याच गिरण्या आणि भट्ट्या पोसल्या. आपल्या रुळांचे तोंड बंदराकडे होते. कच्चा कापूस बाहेर जावा आणि विलायती कापड आत यावे, ही त्यांची दिशा होती. गिरणी, जिन आणि रेल्वेचा कारखाना एवढ्यावर येथील उद्योग थांबला. शिकागो झाले नाही. आपल्या पूर्वजांनी समुद्रही ओलांडला नाही. मुंबई इलाख्याच्या एका जिल्ह्यातून ते दुसऱ्यात आले. पण गाव सोडणाऱ्या माणसाच्या छातीतील धडधड मैलांनी मोजता येत नाही. दुष्काळात बैल विकून, बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक गहाण टाकून, भाषा न समजणाऱ्या गावात जो उतरला, त्याचे धैर्य न्यूयॉर्कला उतरलेल्या इटालियनाहून कमी नव्हते.

दुसरा आक्षेप असा की, काही घराणी खरोखरच पेशवाईत आली. आम्ही ते नाकारीत नाही. नरगुंदसारखे मराठी संस्थान याच जिल्ह्यात होते आणि पटवर्धनांच्या फौजाही या मुलखात वावरल्या. ज्यांच्याकडे सनद आहे त्यांनी ती अवश्य छापावी. परंतु ज्यांच्याकडे नाही त्यांनी ती रचू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे आणि तो आम्हांला एका ज्येष्ठ स्नेह्यांनी खासगीत बोलून दाखविला. ते म्हणाले, "आपण स्थलांतरित आहोत असे आपणच छापले, तर जे आपल्याला उपरे म्हणतात त्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखे होईल." आम्हांला हे पटत नाही. सरकारी नोकरीत असताना आम्ही रहिवासाच्या हजारो दाखल्यांवर सह्या केल्या. अर्जात दोन गोष्टी पाहिल्या जातात : येथे किती वर्षे राहता आणि काय करता. कोणाचे गोत्र आम्ही कधी विचारले नाही, आणि कोणाच्या पणजोबाने हा मुलूख जिंकला होता काय, हेही विचारले नाही. तलवारीवर सांगितलेला हक्क दुसऱ्या तलवारीने जातो. पेशवाई १८१८ साली गेली. तिच्यावर उभा केलेला हक्कही तेव्हाच गेला. ज्याने या शहरातली इंजिने दुरुस्त केली, शाळांत मुले शिकविली, पेठेत माल उतरविला, त्याला येथून उठ म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही. आपला हक्क घामाचा आहे, आणि तोच कोणत्याही न्यायासनापुढे टिकणारा आहे.

शिवाय या शहरात उपरा कोण नाही? धारवाडच्या ज्या पेढ्याचा आपण सर्वांना अभिमान आहे, तो उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने येथे आणला. हुबळीच्या रेल्वे स्थानकाला आज ज्यांचे नाव आहे ते सिद्धारूढ स्वामी बिदरकडच्या मुलखातून येथे आले. १८९८ साली प्लेगने हुबळीत थैमान घातले तेव्हा एका वर्षात तीस हजारांहून अधिक लोकांना येथे लस टोचण्यात आली. वैद्यकाच्या इतिहासात त्या मोहिमेचे नाव आहे. ती लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसाचे ज्यू. धर्म सोडावयाचा नाही म्हणून त्यांना स्वदेशात पुढे जाण्याची वाट मिळाली नाही. त्यांच्यासारखे लाखो ज्यू रशियातून निघून न्यूयॉर्कच्या चाळींत शिरले. हाफकिन जिनिव्हा, पॅरिस करीत हिंदुस्थानात आले, आणि १८९७ च्या जानेवारीत मुंबईत त्यांनी पहिली लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. आपल्यापैकी कित्येकांचे वंश पुढे चालले ते त्या परदेशी, बेघर माणसाच्या कृपेने. वंशावळी छापताना एवढे तरी स्मरण राहावे.

कष्टकऱ्यांचा इतिहास हा मराठी माणसाचा इतिहास नव्हे, असे तर कोणी म्हणू नये. शिकागोच्या कामगारांनी १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले. ते जगाला माहीत आहे. मुंबईत १८८४ सालीच नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी करीत होते. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांच्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे स्वतः रेल्वेत, टपाल खात्यात आणि मग गिरणीत नोकरी केलेले. 'दीनबंधु' चालविणारे हे संपादक कोणत्याही सरदाराच्या पंक्तीला बसण्याच्या योग्यतेचे आहेत. आपण रविवारी सकाळी मंडळाची बैठक भरवितो, तेव्हा तो रविवार कोणी मिळवून दिला याचा विचार करावा.

आता आमच्या घराविषयी. आमचे पणजोबा रेल्वेत 'अधिकारी' होते आणि त्यांच्या आधीचे पुरुष पेशव्यांच्या फडावर होते, असे आम्हांला लहानपणापासून सांगण्यात आले. आमच्या आत्यांची, बहिणींची स्थळे याच सांगण्यावर जमली. आजी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. तीत पणजोबांच्या नोकरीचा जीर्ण कागद निघाला. हुद्दा होता हॅमरमन; म्हणजे तापलेल्या लोखंडावर घण घालणारा. माणदेशातून दुष्काळानंतर ते आले होते. पणजी जिनमध्ये सरकी वेचीत असे, हे पुढे एका वृद्ध नातलगाने हळू आवाजात सांगितले. ते ऐकून वडिलांनी तो कागद पुन्हा पेटीत ठेवला आणि 'बाहेर बोलू नका' म्हणाले. आम्हीही चाळीस वर्षे बोललो नाही. ज्या हातांनी घण घातला त्यांच्या जिवावर तिसऱ्या पिढीत पदवीधर आणि सरकारी अधिकारी निपजला, आणि त्या अधिकाऱ्याला त्या हातांची लाज वाटली. ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

या लपवालपवीचा परिणाम घरापुरता राहत नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे. जो स्वतःचे येणे विसरतो तो दुसऱ्याच्या येण्याला शिव्या देतो. अमेरिकेत तेच झाले. बोटीतून उतरलेल्यांच्या नातवंडांनी १९२४ साली कायदा करून पुढच्यांसाठी दार लोटले. आपल्याकडे २००८ साली मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मार बसला, तेव्हा आपल्यापैकी काहींनी येथे बसून त्याचे समर्थन केले. ज्यांचे आजे-पणजे रेल्वेच्या भरतीसाठीच परमुलखात आले, त्यांनी! आज हुबळीत बिहार, ओरिसाकडून मजूर येतात, बांधकामाच्या जागी पत्र्याखाली राहतात. २००३ पासून हुबळी दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे आणि २०२३ साली येथे जगातला सर्वांत लांब फलाट झाला. दीड किलोमीटरहून थोडा अधिक. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या फलाटावर बोचके घेऊन उतरणाऱ्याकडे पाहून आपल्या लग्नकार्यांत 'या बाहेरच्या लोकांनी गाव घाण केले' असे बोलले जाते. शंभरावर वर्षांपूर्वी याच स्थानकात आपलेही बोचके उतरले होते.

म्हणून आमची मागणी अशी. माहितीपत्रकात तीन रकाने वाढवावेत : पूर्वज येथे कोणत्या साली व कोणत्या कारणाने आले, त्यांनी आणि घरातील स्त्रियांनी उपजीविकेसाठी कोणते काम केले, आणि येथे आल्यावर त्यांना आसरा कोणी दिला. या तिसऱ्या रकान्यात पुष्कळ कानडी नावे येतील, आणि ती यावीत. पत्रके मराठा गल्लीत, रेल्वेच्या वसाहतीत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आसपासच्या घरांतही जावीत, केवळ मंडळाच्या सभासदांकडे नव्हे. गोत्राचा रकाना ऐच्छिक करावा. ग्रंथ थोडा जाड होईल, छपाईचा खर्च वाढेल. त्यासाठी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती भर घालू.

संपादक मंडळ यावर निर्णय घेईल तेव्हा घेईल. आम्ही मात्र आमच्या पत्रकावर पट्टीने तीन रेघा ओढून हे रकाने हाताने आखले आहेत. इनाम : नाही. हुद्दा : हॅमरमन. पणजी : जिनमध्ये सरकी वेचीत असे. पत्रक या लेखासोबतच पाठवीत आहोत.